इतिहासाच्या प्रकल्पासाठी साधने मिळत नाहीत : अडचण नेमकी कोठे असते आणि ती कशी दूर करावी

दरवर्षी प्रकल्पाचे विषय मंजूर झाले की पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांकडून एकच तक्रार ऐकू येते : विषय चांगला आहे, पण साधने मिळत नाहीत. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्या विषयावरची दोन-तीन पुस्तके सापडतात, त्यांतले एखादे कोणीतरी घरी नेलेले असते, आणि इंटरनेटवर शोध घेतला तर एकच परिच्छेद ठिकठिकाणी शब्दशः उतरवलेला दिसतो. मग विद्यार्थी विषय बदलतो, किंवा हाती आलेल्या दोन पुस्तकांचा गोषवारा संशोधन म्हणून सादर करतो. दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. माझा ठाम समज असा आहे की बहुतेक वेळा साधन अस्तित्वात असते, ते पाहण्याची मुभाही असते. फक्त विद्यार्थी ज्या शब्दांनी ते मागतो त्या शब्दांनी ते कोठेही नोंदलेले नसते.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक विषय समोर ठेवू : १८९७ मधील पुण्याचा प्लेग. हा विषय विद्यार्थी पुष्कळ वेळा निवडतात, आणि पुढे सांगितलेल्या बहुतेक अडचणी त्यात भेटतात.

सर्वत्र तोच मजकूर सापडतो

घटनेच्या रूढ नावाने शोध घेतला की घटनेचे रूढ वर्णनच हाती येते. 'पुण्याचा प्लेग' असे शब्द दिले की प्लेग समितीचे प्रमुख रँडसाहेब, सोजिरांनी (गोऱ्या सैनिकांनी) घेतलेल्या घरझडत्या, २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर झाडलेल्या गोळ्या आणि टिळकांवरील राजद्रोहाचा खटला एवढे चार मुद्दे पुन्हा पुन्हा समोर येतात. ते चुकीचे नाहीत. पण ते कोणत्या कागदावरून आले हे त्या मजकुरात क्वचितच सांगितलेले असते.

येथे शोधाची दिशाच बदलावी लागते. 'या विषयावर काय लिहिले गेले आहे' असे न विचारता 'त्या वेळी या गोष्टीबद्दल लिहिणे कोणाला भाग होते' असे विचारावे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे निदान झाले आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा संमत झाला. त्यानंतर पुण्यात प्लेग समिती नेमली गेली. अशा समितीला सरकारकडे अहवाल पाठवावेच लागतात. ते मुंबई सरकारच्या ज्या खात्याकडे गेले ते जनरल डिपार्टमेंट, आणि त्या खात्याच्या दप्तरात प्लेगसाठी स्वतंत्र बांधीव खंड आहेत. खून आणि खटला आला की कागद न्याय खात्याकडे वळतात. रुग्णालयांचा प्रश्न आला की वैद्यकीय अधिकारी लिहितात, घरांच्या साफसफाईचा आला की नगरपालिका लिहिते. मिशनरी आपल्या संस्थांकडे वृत्तांत पाठवतात आणि वृत्तपत्रे आपापल्या वाचकांसाठी लिहितात. असा एक साधा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर तयार केला, की 'साधने नाहीत' ही तक्रार 'एवढी साधने वेळेत कशी पाहून होणार' अशी होते, आणि ही दुसरी अडचण पहिलीपेक्षा फार बरी.

तक्त्यातील प्रत्येक ओळीसमोर जागा लिहावी. मुंबई सरकारच्या खात्यांचे कागद महाराष्ट्र शासनाच्या पुराभिलेख संचालनालयात, म्हणजे मुंबईतील एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहेत. छापील सरकारी अहवालांसाठी तेवढ्या दूर जावेच लागते असे नाही. पुण्याच्या गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेतील धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाची सुरुवात १९०५ मध्ये भारत सेवक समाजाच्या संग्रहापासून झाली. मुंबई इलाख्याचे जुने अहवाल तेथे मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतील बरेच संस्थेच्या डिजिटल संग्रहातून घरबसल्या वाचता येतात. ब्रिटिशकालीन हिंदुस्थानातील रोगराईसंबंधीचे अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने विनामूल्य उपलब्ध केले आहेत, आणि त्यात प्लेगवरील अहवालही आहेत. लंडनच्या वेलकम संग्रहात त्या काळातील प्लेग रुग्णालयांची आणि तपासण्यांची छायाचित्रे आहेत. पुण्यातील विद्यार्थ्याने पुण्याच्या इतिहासासाठी एडिंबरो आणि लंडन येथील संग्रह उघडावेत हे प्रथम विचित्र वाटते. पण ज्यांनी राज्य केले त्यांनी कागदांच्या छापील प्रती आपल्या घरीही नेल्या, हे लक्षात घेतले म्हणजे त्यात नवल उरत नाही.

संग्रह बरोबर आहे, पण शोधखिडकी काहीच दाखवत नाही

ही अडचण सर्वांत अधिक वेळ खाते, म्हणून तिच्यावर थोडे सविस्तर लिहितो.

पहिले कारण म्हणजे गावांची जुनी रोमन हिज्जे. एकोणिसाव्या शतकातील नोंदींत पुणे हे पी-ओ-ओ-एन-ए असे लिहिलेले असते, सोलापूर 'शोलापूर' म्हणून आणि ठाणे 'थाना' म्हणून येते. ग्रंथांची तालिका (कॅटलॉग) तयार करणाऱ्याने मुखपृष्ठावरील हिज्जे जशीच्या तशी घेतलेली असतात आणि संगणक तेवढीच ओळखतो. त्यामुळे प्रत्येक स्थळनामाची आणि व्यक्तिनामाची जुनी-नवी हिज्जे एका पानावर लिहून ठेवावीत आणि प्रत्येक संग्रहात ती सर्व आळीपाळीने देऊन पाहावीत. अधिकाऱ्यांची आडनावे मात्र फारशी बदलत नाहीत. म्हणून घटनेपेक्षा अधिकाऱ्याच्या नावाने शोध पुष्कळदा लवकर यशस्वी होतो.

दुसरे कारण मराठी पुस्तकांचे आहे. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या प्रकल्पात लक्षावधी पुस्तके स्कॅन झाली, आणि त्यांतील पुष्कळ आज इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. मात्र त्यांची शीर्षके रोमन लिपीत अशा पद्धतीने लिहिली गेली की काना असेल तेथे 'ए' हे अक्षर दोनदा येते, आणि अनुस्वारासाठी किंवा 'ट', 'ठ' यांसारख्या अक्षरांसाठी मध्येच विरामचिन्हांसारख्या खुणा येतात. देवनागरीत शीर्षक लिहून शोधणाऱ्याला ही पुस्तके दिसतच नाहीत. त्यांसाठी शीर्षकातील एखादा छोटा, निःसंदिग्ध शब्द किंवा लेखकाचे आडनाव रोमन लिपीत देऊन पाहावे, एकदा काना एकेरी आणि एकदा दुहेरी लिहून. वेळ लागतो, पण इतर कोठे न मिळालेले पुस्तक या मार्गाने मिळाल्याची उदाहरणे फार आहेत.

तिसरे कारण जुन्या मराठी लेखनपद्धतीत आहे. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, आणि तोपर्यंत 'केलें', 'नाहीं', 'साधनें' असे अनुस्वार सर्रास छापले जात. जेथे देवनागरी मजकुरात शब्द शोधण्याची सोय आहे तेथे अनुस्वारासह आणि अनुस्वाराविना असे दोन्ही प्रकारे शोधावे. जेथे जुन्या स्कॅनचे यंत्रवाचन (चित्रातील अक्षरे संगणकाने ओळखणे) देवनागरी समजून झालेलेच नाही, तेथे पुस्तकातील मजकूर संगणकाच्या लेखी निरर्थक अक्षरांचा ढीग असतो आणि आतील शब्द शोधण्याचा प्रयत्न सोडूनच द्यावा. अशा वेळी पुस्तकाच्या शेवटी असलेली व्यक्तिनामांची सूची आणि आरंभीची अनुक्रमणिका हीच खरी वाट. शोधखिडकीने 'एकही निष्पत्ती नाही' असे म्हटले म्हणून पुस्तकात तो विषय नाही असे मानणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो.

संदर्भ मिळाला, पण त्यातील संस्था सापडत नाही

जुन्या पुस्तकाच्या तळटीपेत 'एलिअनेशन ऑफिस, पूना' असे लिहिलेले असते आणि आजच्या पुण्यात तशी कचेरी कोठेच नसते. ती कचेरी म्हणजे पेशवे दप्तर, आजचे पुणे पुराभिलेखागार. 'बॉम्बे सेक्रेटेरिएट रेकॉर्ड ऑफिस' म्हणजे मुंबईचे पुराभिलेखागार. 'इंपीरियल रेकॉर्ड डिपार्टमेंट' ही १८९१ मध्ये कलकत्त्यास सुरू झालेली कचेरी आज दिल्लीतील राष्ट्रीय अभिलेखागार आहे. तेथील डिजिटल झालेले कागद 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर पाहता येतात. 'इंडिया ऑफिस लायब्ररी' आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दिल्लीच्या नेहरू स्मारक संग्रहालय व ग्रंथालयाचे नाव २०२३ मध्ये बदलून पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालय असे झाले. सातारा येथील इतिहाससंशोधक पारसनीस यांचा ऐतिहासिक संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला, त्यामुळे 'सातारा म्युझियम' असा संदर्भ आढळला तर साताऱ्याची गाडी पकडण्यापूर्वी डेक्कन कॉलेजात चौकशी करावी.

याला जोडूनच एक सूचना करतो. मराठ्यांच्या इतिहासावरील सर्व कागद पुण्यातच असतील असे गृहीत धरू नये. कागद राजधानीच्या मागे जातात. कोल्हापूरच्या छत्रपतींचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. तंजावरच्या भोसले घराण्याचे मोडी कागद तमिळनाडूत आहेत. सावंतवाडीचा किंवा वसईचा इतिहास लिहिणाऱ्याला पणजीचे पोर्तुगीज दप्तर टाळता येत नाही. पोर्तुगीज न येणाऱ्या विद्यार्थ्याने त्या दप्तरातील छापील आणि भाषांतरित निवडीपासून सुरुवात करावी, आणि आपण भाषांतर वापरले आहे हे प्रकल्पात स्पष्ट लिहावे.

स्कॅन मिळाले, पण भरवसा वाटत नाही

येथे शंका घेणेच योग्य आहे. संकेतस्थळावर दिलेले शीर्षक, खंडक्रमांक आणि वर्ष यांवर विसंबू नये. पुस्तक उघडून मुखपृष्ठ, त्याची मागची बाजू आणि शेवटचे पान पाहावे. खंड दुसराच निघणे, पाने गळलेली असणे, दोन पुस्तके एकत्र बांधलेली असणे हे प्रकार नेहमीचे आहेत. संदर्भ लिहिताना मुखपृष्ठावरील माहिती घ्यावी, आणि एखादे महत्त्वाचे पान नीट वाचता येत नसेल तर त्याच आवृत्तीचे दुसऱ्या संग्रहातील स्कॅन शोधावे.

गॅझेटियरच्या (जिल्ह्याची सविस्तर माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाच्या) बाबतीत एक गोंधळ विशेष वारंवार होतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमालेचा पुण्यावरील अठरावा खंड तीन भागांत १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्याचे सुधारित गॅझेटियर स्वातंत्र्यानंतर, १९५४ मध्ये निघाले. दोन्ही ग्रंथ शासनाच्या गॅझेटियर विभागाने इंटरनेटवर दिले आहेत आणि विद्यार्थी त्यांतील मजकूर एकाच नावाने उद्धृत करतात. प्लेगवर काम करणाऱ्यासाठी हा फरक निर्णायक आहे. १८८५ च्या खंडात प्लेग असूच शकत नाही; पण साथ येण्यापूर्वी बारा वर्षे पुणे शहर कसे होते, कोणत्या पेठेत वस्ती किती दाट होती, पाणी कोठून येत होते, हे त्याच्या तिसऱ्या भागातून जसे कळते तसे दुसरीकडून कळणे कठीण. ज्या पुस्तकात घटना नाही तेही घटनेचे साधन असू शकते, आणि चांगल्या प्रकल्पांत असा उपयोग केलेला हमखास दिसतो.

ग्रंथालयात जाऊनही रिकाम्या हाती परतावे लागते

महाराष्ट्रात जुन्या ग्रंथालयांची वाण नाही. मुंबईची एशियाटिक सोसायटी १८०४ पासूनची आहे, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे. इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने १९१० मध्ये स्थापन झालेले पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ तर या कामाचे माहेरघरच. तरीही विद्यार्थी परत येतो, कारण तो 'प्लेगवर काही आहे का' असे विचारतो आणि काउंटरवरील व्यक्ती 'नाही' म्हणते. दोघांचाही दोष नाही. प्रश्नच असा आहे की त्याचे उत्तर कपाटाला देता येत नाही.

जाण्यापूर्वी लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष आणि शक्य असेल तर खंड एवढे लिहिलेली पाच-सात पुस्तकांची यादी तयार ठेवावी. ही यादी करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच विषयाजवळच्या एखाद्या पीएचडी प्रबंधाची संदर्भसूची. 'शोधगंगा' या संग्रहात भारतीय विद्यापीठांचे प्रबंध विनामूल्य वाचता येतात, त्यांत मराठीतील प्रबंधही आहेत. प्रबंधाचा मजकूर उतरवून घेण्यासाठी नव्हे, तर त्या संशोधकाने कोठकोठे कागद पाहिले हे जाणण्यासाठी तो उघडावा. मग ग्रंथपालांना वेळ देऊन भेटावे आणि यादी समोर ठेवावी. जुनी पुस्तके खुल्या कपाटात नसतात, काहींची नोंद अजून केवळ कार्डांवर किंवा हस्तलिखित दाखलनोंद वहीत असते, आणि ती कोठे आहे हे त्या ग्रंथालयात अनेक वर्षे काम केलेल्या माणसालाच ठाऊक असते. अशा माणसांशी आदराने आणि नेमके बोलण्याची सवय ही मी संशोधनपद्धतीचाच भाग मानतो.

पुराभिलेखागारात जायचे असल्यास विभागप्रमुखांचे किंवा प्राचार्यांचे पत्र आणि ओळखपत्र सोबत घ्यावे, पत्रात विषय आणि काळ स्पष्ट लिहून घ्यावा. 'मराठ्यांचा इतिहास' असे लिहिलेले पत्र उपयोगाचे नसते. 'मुंबई सरकारचे जनरल डिपार्टमेंट, प्लेग, १८९७ ते १८९९' असे लिहिलेले असते. तेथे आधी सूची पाहावी लागते, मग मागणीपत्र भरावे लागते, मग कागद येतो. म्हणून पहिल्या भेटीत फक्त सूची वाचण्याची तयारी ठेवावी. पेनाऐवजी पेन्सिल न्यावी, आणि छायाचित्र घेण्याचे नियम आधी विचारून घ्यावेत.

नियतकालिकांतील लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसतील तर आपले महाविद्यालय एन-लिस्ट या महाविद्यालयांना ई-नियतकालिके व ई-पुस्तके पुरवणाऱ्या योजनेत आहे का हे ग्रंथपालांना विचारावे. अनेक महाविद्यालये तिचे सभासद असतात आणि विद्यार्थ्यांनी तिचा पासवर्ड कधी मागितलेलाच नसतो. जेस्टोर या नियतकालिकांच्या डिजिटल संग्रहावर वैयक्तिक खाते उघडल्यास दरमहा काही लेख विनामूल्य वाचता येतात.

वृत्तपत्राचा अंक सापडत नाही

१८९७ मध्ये केसरी साप्ताहिक होते आणि दर मंगळवारी निघे. विद्यार्थी २२ जूनच्या घटनेसाठी २२ जूनचा अंक शोधतात. तो दिवस मंगळवारच होता, पण गोळीबार रात्री झाला. तेव्हा बातमी २९ जूनच्या अंकात पाहावी लागते. कोणतेही जुने वृत्तपत्र पाहण्यापूर्वी ते दैनिक, साप्ताहिक की पाक्षिक होते आणि कोणत्या वारी निघत होते हे शोधून काढावे, म्हणजे तासन्‌तास वाया जात नाहीत. केसरीचे जुने अंक पुण्यात केसरीवाड्यातील ग्रंथालयात आहेत, आणि दिल्लीच्या पंतप्रधान संग्रहालय व ग्रंथालयात मायक्रोफिल्मवरही आहेत.

ज्या वृत्तपत्रांचे अंकच नष्ट झाले त्यांच्यासाठीही एक आडवाट आहे. देशी वृत्तपत्रे काय लिहितात यावर लक्ष ठेवण्यासाठी मुंबई सरकार दर आठवड्याला त्यांतील मजकुराचा इंग्रजी सारांश करून घेत असे. हे साप्ताहिक अहवाल पुराभिलेखागारात आहेत. जिल्ह्याच्या गावी निघणाऱ्या एखाद्या छोट्या पत्राचा एकही अंक आज उरला नसला तरी त्यातील दोन वाक्ये त्या अहवालात सापडू शकतात. ती वापरताना ती सरकारी अनुवादकाने निवडलेली आहेत हे विसरू नये. सरकारला जे खुपले तेच बहुधा तेथे आले आहे.

मोडी वाचता येत नाही, तारखा जुळत नाहीत

पेशवेकालीन विषय घेतलेल्या विद्यार्थ्याची ही अडचण खरी आहे. पुण्याच्या दप्तरात हजारो रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत आणि त्यांतील मजकूर मोडीत आहे. एका सत्रात मोडी शिकून त्यावर प्रकल्प उभा करणे बहुतेकांना झेपत नाही, आणि मार्गदर्शकांनी तशी अपेक्षा ठेवू नये असे माझे मत आहे. छापील साधनेच इतकी आहेत की ती पदवीच्या प्रकल्पाला पुरून उरतात : राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेले साधनांचे बावीस खंड, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून काढलेला लेखसंग्रह, आणि गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पेशवे दप्तरातून निवडून संपादित केलेले पंचेचाळीस खंड. सरदेसायांच्या खंडांत पत्रे देवनागरीत छापली असून सोबत इंग्रजीत थोडक्यात आशय दिला आहे, त्यामुळे हवे ते पत्र लवकर सापडते. ज्यांना पुढे याच विषयात जायचे आहे त्यांनी मात्र सुट्टीत मोडीचा वर्ग जरूर करावा. पुराभिलेख संचालनालयही असे वर्ग घेत असते.

तारखांबद्दल थोडे. शक वर्षात चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ आणि जानेवारीपासून फाल्गुनापर्यंत ७९ मिळवले की इसवी सन येतो. पेशवाईच्या कागदांत शुहूर सन ही कालगणना अरबी संख्याशब्दांत येते आणि तिचे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास, म्हणजे जूनच्या आरंभी, बदलते. त्यात डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवावे लागतात. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले ते याच शुहूर सनात, आणि शके १६८२ च्या पौष महिन्यात. पत्रावर 'छ' आणि पुढे आकडा असेल तर ती मुसलमानी महिन्यातील चंद्राची तारीख असते, तिथी नव्हे. इंग्रजांच्या बाबतीतही सावध राहावे. १७५२ पर्यंत त्यांचे वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी १६६४ मधील सुरतेच्या लुटीची पत्रे त्यांच्या जुन्या हिशेबाने १६६३ मध्ये मोडतात. आणि त्यांची तारीख पोर्तुगिजांच्या तारखेपेक्षा त्या शतकात दहा दिवस मागे असते. दोन साधनांत दहा दिवसांचा फरक दिसला की त्यांतील एक खोटे आहे असा निष्कर्ष काढण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा. स्वतःच्या आकडेमोडीवर न थांबता छापील जंत्रीशी (तारखांच्या रूपांतराच्या तक्त्यांशी) ताडून घ्यावे.

आपल्या गावाचा इतिहास कोठेच नाही

गावाच्या नावाने शोधू नये, तालुक्याच्या नावाने शोधावे. मुंबई सरकारने जमीनमहसुलाची पाहणी आणि फेरपाहणी तालुकावार केली आणि तिचे अहवाल सरकारी कागदपत्रांच्या निवडक संग्रहांत छापले. पाऊस, पिके, विहिरी, बाजाराचे गाव, रस्ते, गुरे यांची त्यांत जी माहिती आहे ती गॅझेटियरमध्येही एवढ्या बारकाईने मिळत नाही. गाडगीळ ग्रंथालयाच्या डिजिटल संग्रहात असे अहवाल आहेत. १८७२ पासूनच्या जनगणनेचे ग्रंथ जनगणना कार्यालयाच्या डिजिटल ग्रंथालयात आहेत. जमिनीचे जुने फेरफार आणि सातबारा अनेक जिल्ह्यांपुरते शासनाच्या 'आपले अभिलेख' या सेवेतून पाहता येतात. यानंतर गावात जावे, देवळावरचा शिलालेख, वीरगळ (वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा), शाळेचे जुने हजेरीपट आणि वृद्धांच्या आठवणी पाहाव्यात. हा क्रम उलटा केला तर आठवणींतील कोणता भाग तपासायचा हेच कळत नाही.

संदर्भ दिलेला आहे, पण असे पुस्तकच नाही

ही तक्रार अलीकडे वाढली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला संदर्भसूची मागितली की ते लेखक, शीर्षक, वर्ष, पृष्ठ असे सर्व काही देते, आणि त्यांतील काही पुस्तके कधी लिहिलीच गेलेली नसतात. ग्रंथालयाची तालिका, वर्ल्डकॅट (जगभरातील ग्रंथालयांची एकत्रित तालिका) किंवा नॅशनल डिजिटल लायब्ररी यांपैकी एका तरी ठिकाणी पुस्तकाची नोंद सापडल्याशिवाय ते यादीत घेऊ नये, आणि पान स्वतः पाहिल्याशिवाय पृष्ठक्रमांक लिहू नये. हीच कसोटी छापील पुस्तकांतून उचललेल्या तळटीपांनाही लावावी. दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतलेला उतारा असेल तर तसे लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

साधने परस्परांविरुद्ध बोलतात, किंवा गप्प असतात

पुन्हा प्लेगकडे येऊ. अधिकाऱ्यांच्या अहवालांत झडत्या शिस्तीत झाल्या असे येते, केसरीत जुलमाच्या तक्रारी येतात. विद्यार्थी गोंधळतो आणि मध्यावर कोठेतरी सत्य असेल असे लिहून मोकळा होतो. त्याऐवजी त्याने गोपाळ कृष्ण गोखले यांचा प्रसंग अभ्यासावा. १८९७ मध्ये गोखले हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांनी स्त्रियांवर केलेल्या अत्याचारांचे आरोप तेथील वृत्तपत्रात जाहीर केले. परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांनी जाहीर माफी मागितली. याचा अर्थ अत्याचार झाले नाहीत असा होत नाही, आणि झालेच असाही होत नाही. साक्षीदार पुढे का येऊ शकले नाहीत, कोणाला कशाची भीती होती, कोणती गोष्ट लिहून ठेवणे शक्यच नव्हते, हे प्रश्न त्यातून उभे राहतात. त्याच वर्षी पंडिता रमाबाई यांनी पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या स्थितीबद्दल जाहीर पत्र लिहिले होते. या दोन कागदांशेजारी समितीचा अहवाल ठेवला की प्रत्येकाला काय माहीत असू शकत होते आणि काय बोलता येत होते हे दिसू लागते.

आणि कधी कधी साधन खरोखरच नसते. सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी प्लेगग्रस्तांची सेवा करताना वारल्या, पण ज्या रुग्णांची सेवा त्या करीत होत्या त्यांनी स्वतः लिहिलेला शब्द अपवादानेच हाती येतो. 'प्लेगमध्ये पुण्याच्या गरीब स्त्रियांना काय वाटले' असा विषय घेतलेला विद्यार्थी अशा ठिकाणी अडतो. मग विषय सोडण्याऐवजी प्रश्न हलवावा : तपासणीच्या नियमांत स्त्रियांसाठी वेगळी तरतूद कोणती होती, ती कोणाच्या मागणीवरून झाली, तिच्याविरुद्ध कोणी अर्ज केले, रुग्णालयांच्या आकडेवारीत स्त्रिया वेगळ्या मोजल्या गेल्या का. या प्रश्नांचा माग सरकारी खंडांत आणि वृत्तपत्रांत काढता येतो, आणि जे मिळाले नाही ते कोठे कोठे शोधले याची यादी प्रकल्पाच्या शेवटच्या प्रकरणात द्यावी, म्हणजे पुढच्या वर्षी तोच विषय घेणाऱ्याला तेथून सुरुवात करता येईल.